पाटा, पेरू आणि घूस

कोकणातल्या परसात घूस शिरली की तिच्याविषयी घरात मतभेद होतात. आईच्या मते मांजर पाळावे, काकांच्या मते बाजारातून लोखंडी पिंजरा आणावा, आणि माझ्या मते (जे कोणी विचारले नव्हते) दगड पाडून सावज दाबणारा जुना सापळा रचावा, कारण त्याला कोयता, चाकू आणि तीन काड्या यांखेरीज काहीच लागत नाही. ज्याला काहीच लागत नाही अशी ख्याती असते, त्याला लागणारी प्रत्येक वस्तू घरात दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असते, हा भाग नंतर उमगतो.

दगड सपाट आणि सावजाच्या कैक पट जड हवा. जांभ्याचा चिरा उचलताना घुशीआधी माझीच कंबर गेली असती, म्हणून नजर वळली ती आईच्या, नुकतीच टाकी लावून घेतलेल्या, १०-१२ किलोंच्या पाट्याकडे. मोठी घूस किलोभराची, म्हणजे हिशेब चोख बसत होता. "चटणीच्या वेळेला मला परत लागेल," एवढे बजावून आईने तो दिला. खाली मऊ माती असेल तर सावज मातीत दबून सुखरूप निसटते, म्हणून तळाला कडप्प्याची एक फरशीही न्हाणीघराच्या दाराशी असलेली उचलली. तिच्याबद्दल मात्र मी कोणाला विचारले नाही.

काड्या पेरूच्या घेतल्या, कारण बेचकी करणाऱ्या पिढीला ते लाकूड किती चिवट असते हे सांगावे लागत नाही. उभ्या काडीचे वरचे टोक पाचरीसारखे तासायचे. त्यावर तिरप्या काडीची खाच टेकवायची. तिरपीच्या वरच्या टोकावर पाट्याची कड ठेवायची आणि खालचे टोक आडव्या काडीच्या शेवटच्या खाचेत अडकवायचे. आडवी काडी मधल्या चौकोनी खाचेने उभीला धरून ठेवते आणि तिचे दुसरे टोक आमिषासह पाट्याखाली जाते. तिन्ही मिळून इंग्रजी चारचा आकडा दिसतो. पाटा तिरपीला खाली दाबतो, ती आडवीला बाहेर ओढते, आडवी उभीला बिलगते, आणि या ओढाताणीवरच सगळा डोलारा उभा असतो. एकत्र कुटुंबाइतका स्थिर, म्हणजे कोणी मधल्याला हलवेपर्यंत. खाच जरा खोल गेली तर घुशीने आमिषाला लोंबकळून झोके घेतले तरी पाटा ढळत नाही; जरा उथळ राहिली तर मी श्वास सोडताच तो खाली येतो. या दोन टोकांच्या मधली खाच चाकूने केसभर तासत बसणे हेच खरे काम आहे, आणि ते करताना एक हात पाट्याखाली ठेवायचा नाही, हा नियम बोटांना स्वतःहून कळतो.

सापळ्याला कोण आले ते ओळखता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याने संरक्षण दिलेले मुंगूस परसात रोजच हिंडते, म्हणून तिन्ही बाजूंनी चिरे लावून घुशीच्या बिळासमोर तेवढे तोंड ठेवले, आणि दिवसा रचना मोडून ठेवायची असे ठरवले. आमिषाला सुके खोबरे लावले. पहिली पंगत मुंग्यांची झाली. घूस नव्या वस्तूपासून चार हात लांब राहिली आणि सुरणाच्या वाफ्यात पलीकडून दुसरे बीळ काढून मोकळी झाली.

सापळा चालतो याचा पुरावा काकांनी दिला. "हा कसला पडतोय!" असे म्हणत त्यांनी हातातली काठी आत घातली, आणि पाटा इतक्या तत्परतेने आला की काठी सोडवायला दोघे लागलो. काकांचे मत त्याच क्षणी बदलले. पिंजऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आई मात्र चटणीच्या वेळेला परसात आली, पाटा गरम पाण्याने धुऊन आणायला सांगितला आणि म्हणाली, "तुझ्या घुशीसाठी वरवंटा घेऊन जा हवा तर." वरवंट्याखाली या तीन काड्या कशा उभ्या राहतील, याचा विचार काका आणि मी सध्या करीत आहोत, काकांच्या मते खाच थोडी खोल घेतली तर जमेल.