गाडीचं तेरावं

आज सकाळी तिठ्यावरच्या टपरीत शिरलो तर आतून आवाज आला, "एक कटिंग तेरावाल्याक!" एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प चहा प्यायलो असतो. पण मागच्या बाकड्यावरून कोणीतरी गंभीरपणे विचारलं, "तेराव्याचा आमंत्रण नाय दिलंस मां आमका?" आणि सगळं बाकडं ग्लास सांभाळत हसलं. गाडी घेऊन अजून दोन महिने व्हायचे आहेत, मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक मी अजून काढलेलं नाही, आणि गावाने तिचं तेरावं घालून टाकलंय.

तेरा म्हणजे लिटरला तेरा किलोमीटर. हा आकडा माझ्या गाडीचा नाही, आंबोली घाटाचा आहे. सावंतवाडी तालुक्यात हे आता कुणालाही पटणार नाही, म्हणून इथे लिहितो.

नवी गाडी दारात आली की आमच्याकडे तिचा रंग बघत नाहीत, ब्रेक कसे लागतात विचारत नाहीत. येणारा प्रत्येक जण गेटातूनच विचारतो, "किती देता?" हा प्रश्न पूर्वी गोठ्यात विचारत. तिथे निदान एका वेळचं की दोन्ही वेळचं मिळून, पेंड कुठली घालता, वासरू केवढं, अशी चौकशी तरी व्हायची. गाडीच्या बाबतीत खुराक कुणी विचारत नाही. नुसता आकडा हवा, आणि तो आपल्या झिलाच्या, म्हणजे मुलाच्या, गाडीपेक्षा कमी हवा.

खरेदीचं थोडक्यात सांगतो, कारण तो जुना राग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के झाला, म्हणून हिंमत केली. झालेला आनंद 'ऑन रोड' या दोन शब्दांनी खाल्ला. अकरा टक्के रोड टॅक्स, तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा, फास्टॅग, आणि 'हँडलिंग' नावाची एक रक्कम. तिच्यात कोण काय हाताळतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. भांडलात तर ती निघते. मी भिडस्तपणे भांडलो, त्यामुळे अर्धीच निघाली.

पूजेला गाऱ्हाणं घालायला शेजारचे आबा आले. तीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवलेला माणूस. गाडीच्या बाबतीत वाडीत त्यांचाच शब्द शेवटचा. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज नयी गाडी हाडलेली आसा. तिका खय अपघात जाव नये, गडग्याचो चिरो लागा नये, आणि कंपनीन सांगल्याप्रमाणा ती चोवीस देवंदे रे म्हाराजा!" सगळी वाडी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" म्हणजे चोवीस हा आता नुसता कंपनीचा दावा राहिला नाही, देवापुढे झालेला करार झाला. आणि तो मोडणारा मी.

तो चोवीसचा आकडा येतो कुठून, ते सांगतो. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. खोलीत फिरत्या रोलरांवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरवतात. सगळी परीक्षा वीस मिनिटांच्या आत, अकराएक किलोमीटरची. वेग नव्वदच्या वर जात नाही, सरासरी ताशी बत्तीसच्या आसपास. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, रस्त्यात आडवी बसलेली म्हैस नाही, मागच्या सीटवर काकी नाहीत. आकडा खोटा नसतो. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजायला तो बरा. फक्त त्या खोलीत कोणी राहत नाही.

आपण राहतो ते घर बाजारापासून चार किलोमीटरवर. थंड इंजिन सुरुवातीला जास्त पेट्रोल ओढतं, आणि ते पुरतं तापायच्या आत मासळी बाजार येतो. मासे घेऊन परत येईपर्यंत ते पुन्हा निवलेलं असतं. अशा फेऱ्यांत कुठलीही चोवीसवाली बारा-चौदावर येते. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. लिटरमागे त्याची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे नुसत्या हिशेबानेच सहा-सात टक्के गेले. ते कुठे गेले हे विचारायला गेलात तर राष्ट्रहित ऐकून परत याल.

तर मागच्या रविवारी हिरण्यकेशीला नारळ ठेवायला म्हणून आबा, काकी, माझी बायको आणि मी आंबोलीला निघालो. सावंतवाडीत मी हवा भरायला उतरलो. (दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर आकडा असतो. माझ्या गाडीला ३३, टायर थंड असताना. हवावाला स्टिकर बघत नाही, माणूस बघतो आणि चाळीस ठोकतो.) मी बाहेर असताना आबांनी मीटरच्या कांडीशी खेळ केला आणि चालू अ‍ॅव्हरेज शून्यावर आणलं. का, तर "पयल्यापासून बघूया मां."

आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटर. सावंतवाडीपासूनची चढाई धरली तर पावणेसहाशेच्या आसपास. गाडी आणि चार माणसं मिळून साडेअकराशे किलो वजन तेवढं उंच उचलायचं. इंजिन पेट्रोलमधल्या ताकदीचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. हिशेब केला तर नुसत्या उचलण्यालाच पाऊण लिटर लागतं. तीस किलोमीटरच्या रस्त्याला एरवी लागतं दीड. दीड अधिक पाऊण म्हणजे सव्वादोन, आणि तीस भागिले सव्वादोन म्हणजे तेरा. वर गाडी थांबवली तेव्हा पडद्यावर १३.१ होतं. गणित चुकलं असतं तरच मी घाबरलो असतो.

आबांनी मात्र चष्मा वर करून तो आकडा दोनदा वाचला आणि तिथूनच मुलाला फोन लावला. "झिला, तेरा!" पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. "नाय रे, माणसां नाय. अ‍ॅव्हरेज!"

खरी करमणूक उतरताना झाली. दुसऱ्या-तिसऱ्या गियरात, पाय उचलून, मी शांतपणे खाली येत होतो. पहिल्या वळणालाच आबा म्हणाले, "न्युट्रल कर."

"कित्याक?"

"कर म्हणतंय मां. उताराक पेट्रोल कित्याक जाळतंस?"

"आबानू, गियरात पाय उचललो की पेट्रोल जळनाच नाय."

"इंजिन फिरता मां?"

"फिरता."

"पेट्रोलाशिवाय?"

"व्हय. चाकां फिरवतत त्येका."

"आणि चाकांका कोण फिरवता?"

"घाट."

"फुकट?"

"फुकट खय? चढताना पाऊण लिटर दिलव मां त्येका. त्यातला थोडा परत देता."

आबा सावकाश मागे वळले. "आयकलंस गो? घाट ह्येका पैसे परत देता." काकींनी मान डोलावली. मग पुन्हा पुढे बघत, स्वतःशीच, "तरीच म्हटलां, ह्येका कर्ज दिल्यान कोणी."

मी म्हटलं, दाखवतोच. पडद्यावर क्षणाक्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारी पट्टी असते. गियरात पाय उचलला की ती टोकाला जाऊन चिकटते, कारण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल शून्य. इंजिनाचे फेरे अगदी खाली आले की ते पुन्हा सुरू होतात, नाहीतर गाडी बंद पडेल. न्युट्रल केलंत तर इंजिनाला स्वतःच्या जिवावर जागं राहावं लागतं आणि त्याला तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतं. शिवाय सगळं वजन ब्रेकवर. लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळलं की पेडल मऊ होऊन खाली जातं, आणि हे कळतं ते पुढच्या वळणाला, जिथे कठड्याचा दगड आधीच कोणीतरी पाडून ठेवलेला असतो. हे सगळं मी आबांना, पट्टीवर बोट ठेवून, सांगितलं.

आबांनी पट्टीकडे तुच्छतेने पाहिलं. "ह्यो कंपनीचो टीव्ही. कंपनी आपला वाईट सांगतली काय?"

माझा खरा राग इथे आहे. हाच टीव्ही अर्ध्या तासापूर्वी तेरा दाखवत होता, तेव्हा तो आबांना देवळातल्या कौलासारखा वाटला होता!

तसे आबा चुकीचे नाहीत, जुने आहेत. त्यांनी चालवली ती पद्मिनी, कार्बोरेटरची. तिथे उतारावर गियरात असतानाही इंजिन पेट्रोल शोषतच राहायचं, जितकं जोरात फिरेल तितकं जास्त. तेव्हा न्युट्रल करून खरंच वाचायचं, आणि घाटात मरायचंही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. तिचा न्युट्रल अजून माझ्या डाव्या बाजूला बसतो.

सावंतवाडीत पोचलो तेव्हा पडद्यावर १८.९. मी काही न बोलता गाडी बाजूला घेतली आणि आकड्याकडे बोट दाखवलं. आबा म्हणाले, "उतारार धोंडो सुदा धावता. त्येचा अ‍ॅव्हरेज कोण काढता?" आणि उतरून सरळ तिठ्यावर गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

कोणाला खरंच मोजायचं असेल तर पडद्यावर जाऊ नका, तो थोडी खुशामत करतो. टाकी भरायची, नोझल पहिल्यांदा 'टक' करून बंद पडलं की थांबायचं, ट्रिप शून्य. निदान तीनशे किलोमीटर चालवायचं. मग त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या 'टक'पर्यंत. भागाकार. इथे शत्रू आहे तो पंपावरचा मुलगा, जो 'टक' झाल्यावर "साहेब, राऊंड फिगर करूया" म्हणून आणखी तीनदा दाबतो. त्या राऊंड फिगरमध्ये अर्धा लिटर सहज जातं, आणि थोडंच चालवून मोजलंत तर पाच लिटरच्या हिशेबात अर्ध्या लिटरची चूक म्हणजे दहा टक्के. माझा आकडा: ४१२ किलोमीटर, २२.६ लिटर, म्हणजे १८.२. बाजार, हायवे, एक घाट, एसी, सगळं धरून. गाडी नवी आहे. पहिले हजार किलोमीटर तिला ताणायचं नाही, एकाच वेगाने रेटायचंही नाही, आणि आकडा खरा बसतो तो पुढच्या काही हजारांत. आबांचा झील रोज एकटा, कुडाळ ते पणजी, सपाट चौपदरी रस्त्याने सत्तरच्या वेगाने जातो. त्याला चोवीस मिळणार नाहीत तर काय. पण हे बाकड्यावर बोलायची सोय नाही.

शिवाय इथे गाडी खाणाऱ्यांत पेट्रोल शेवटच्या नंबरावर आहे. पाहुण्यांना शिरोड्याला समुद्र दाखवून आणलंत की त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकांच्या वरची पोकळी आणि पोट धुवायचं. नुसतं छत पुसून फोटो काढणारे तीन वर्षांनी पत्र्याला बोट घालतात. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती लाल मातीने बुजतात, पाणी आत राहतं आणि दार आतून गंजतं. काडी घालून मोकळी करायची. वायपरखालचा पाचोळा काढला नाहीत तर पावसाळ्यात पाणी ब्लोअरमध्ये. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवायच्या, पण एसीच्या तोंडापासून लांब, नाहीतर पणजीपर्यंत आजीच्या पेटीत बसल्यासारखं वाटतं. आणि माडाखाली गाडी लावायची नाही. नारळाने हेडलाइट फोडला तर झिरो डेप (म्हणजे झीज न कापण्याची सोय) नसलेल्या विम्यात प्लॅस्टिकचे निम्मे पैसे कापतात, वर क्लेम केला म्हणून पुढच्या वर्षीचा वीस टक्के बोनसही जातो. माड आबांचा आहे. त्याविषयी ते गाऱ्हाण्यात काही बोलले नव्हते.

हे लिहीत होतो तेवढ्यात गेटात आबा. बरोबर भाताची दोन पोती, पन्नास-पन्नास किलोची, गिरणीवर न्यायला. मी काही म्हणायच्या आत पोती डिकीत, आबा पुढच्या सीटवर. दार ओढून घेतलं, काचा वर केल्या, एसीचं बटण चारवर नेलं.

"गरमता रे," म्हणाले. मग पडद्याकडे वाकून, "आता बघूया किती देता ती."