जेम आलं, पण ते चालवायचं कुणी?

मार्च आला की आमच्या सरकारी ऑफिसात सगळ्यांना जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल) आठवतं. वर्षभर "बघू नंतर", आणि बीडीएसवर (बजेट वाटपाची ऑनलाइन सिस्टीम) ग्रँट दिसली रे दिसली की टोनर पाहिजे, खुर्च्या पाहिजेत, यूपीएस पाहिजे आणि बिल ३१ च्या आत ट्रेझरीत गेलंच पाहिजे. मग कुणीतरी हमखास म्हणतं, ऑनलाइन खरेदी म्हणजे नुसता ताप, जुनं बरं होतं.

काय बरं होतं हो? तीन कोटेशनं यायची, लेटरहेड तीन दुकानांची आणि अक्षर एकाच माणसाचं. कामांच्या टेंडरला तर पेटीपाशी पोरं उभी असायची, दुसऱ्याला फॉर्म टाकूच द्यायची नाहीत. महाटेंडर्सने (राज्याचं ई-टेंडर पोर्टल) निदान ती दादागिरी तरी बंद केली. साटंलोटं करणारे आता घरी बसून करतात, तो भाग वेगळा 😄

जेम ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं. केंद्राने २०१७ च्या वित्तीय नियमांत नियम १४९ खाली ते बंधनकारक केलं, केंद्राची जुनी खरेदी यंत्रणा डीजीएस अँड डी त्याच वर्षी बंद केली, आणि आपल्या राज्याच्या उद्योग खात्याचा जेमचा जीआरही २०१७ चाच. म्हणजे नवीन नवीन म्हणायची सोय आता राहिली नाही. तरी घोडं अडतंय, आणि माझ्या मते ते पोर्टलवर कमी आणि आकृतिबंधात (ऑफिसच्या मंजूर पदांचा तक्ता) जास्त अडतंय. सिस्टीम आणली पण ती चालवणारं पदच मंजूर केलं नाही.

नियमाने कसंय, ऑफिसप्रमुख प्रायमरी यूजर, त्याच्याखाली बायर वेगळा, माल उतरवून घेणारा कन्साइनी वेगळा, पैसे देणारा डीडीओ वेगळा. हेतू एकदम बरोबर, एकाच माणसाच्या हातात सगळं नको. पण तालुक्याच्या ऑफिसात माणसंच मोजकी, दोन पदं रिक्त, एक जण इलेक्शन ड्युटीला, मग सगळी लॉगिनं आस्थापनेच्या भाऊसाहेबांकडे नाहीतर कंत्राटी ऑपरेटर पोराकडे. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, डिजिटल सहीचा डोंगल ड्रॉवरमध्ये, आणि त्याचा पिन डोंगलवरच चिकटपट्टी लावून लिहिलेला. कागदोपत्री सही साहेबांची. उद्या चौकशी लागली तर साहेब म्हणणार मला त्यातलं काही कळत नाही आणि पोरगा म्हणणार मी तर कंत्राटी!

त्यात ओटीपी जातो साहेबांच्या मोबाइलवर, साहेब कलेक्टर ऑफिसात मीटिंगला, फोन सायलेंट. "सर ओटीपी प्लीज" असा मेसेज टाकून बसायचं, तो येईपर्यंत त्याची मुदत संपलेली, परत पहिल्यापासून. आणि साहेबांची बदली झाली की विचारूच नका, नव्यांच्या नावावर खातं होईपर्यंत मधल्या ऑर्डरी तशाच लटकलेल्या.

यात मरतो छोटा सप्लायर. माल पोचल्यावर ४८ तासांत तात्पुरती पावती, १० दिवसांत तपासून सीआरएसी (माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र), त्यानंतर १० दिवसांत पेमेंट असं ठरलंय. पण सीआरएसीचं बटण दाबणारा माणूसच जागेवर नसेल तर ते १० दिवस सुरू कुठून होणार? मग तो बिचारा फोन करून करून थकतो आणि पुढच्या वेळी बिडच टाकत नाही. राहतात ते ज्यांची ऑफिसात ऊठबस आहे तेच.

फिल्टरची गंमत तर सगळ्यांना माहितीय. हवा तो माल, हवा तो विक्रेता वर येईपर्यंत फिल्टर लावत राहायचं, मग त्यालाच एल-१ (सगळ्यात कमी भाववाला) म्हणायचं. एमआरपी आधीच फुगवलेली असते, त्यावर भरघोस सूट दिसते, फाइल एकदम स्वच्छ. कॉम्प्युटर काय करणार, त्याला जे विचारलं तेच तो दाखवतो.

एवढं करून जेमची प्रिंट काढायची, टिपणी लिहायची, तीच माहिती पुन्हा बिलासाठी भरायची, कारण ऑडिटला हार्ड कॉपीच लागते. म्हणजे जुनं काम आहे तसंच, वर नवीन काम बोनस. ट्रेनिंग म्हणजे जिल्ह्याला एक दिवस पीपीटी आणि चहा-बिस्कीट, आणि पाठवतात कुणाला तर ज्याला त्या दिवशी काम नाही त्याला.

माझं म्हणणं, प्रत्येक ऑफिसला लॉगिन वाटण्यापेक्षा जिल्ह्याला एक खरेदी कक्ष करा, चार कायम माणसं द्या, त्यांना तीन वर्षं हलवू नका. सगळ्या ऑफिसांनी मागणी तिकडे पाठवायची. टोनर सगळ्यांचे एकत्र घेतले तर भावही पडेल. यावर साहेब लोक नाराज होतील कारण खरेदीचा अधिकार जातो, आणि खरी गोम तिथेच आहे.

कुणाच्या ऑफिसात जेमसाठी खरंच वेगळं मंजूर पद असेल तर कॉमेंटमध्ये सांगा आणि आदेशाचा फोटो टाका, आमच्या साहेबांना दाखवायचाय.