‘अनसबस्क्राइब’ची लिंक म्हणजे इनबॉक्सचा परवाना नव्हे

“कॅन-स्पॅम कायदा (जाहिरातींच्या ईमेलबद्दलचा अमेरिकी कायदा) पाळून पाठवलेला ईमेल अडवणं बेकायदा आहे, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. टपाल खात्यासारखं प्रत्येक पत्र पोहोचवायलाच हवं.” अमेरिकेत हा समज घट्ट बसलाय, इथल्या मराठी मंडळांतही. आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची पत्रकं मीच पाठवते. ती स्पॅममध्ये पडली की माझाही जीव चरफडतो. तरीही हा दावा चुकीचाच आहे.

“कायदा पाळला, मग अडवता येणार नाही.” 2003 चा कॅन-स्पॅम कायदा बंधनं घालतो ती पाठवणाऱ्यावर: विषय फसवा नको, टपालाचा खरा पत्ता हवा, ‘नाव काढा’ म्हटल्यावर कामकाजाच्या 10 दिवसांत काढायचं. मेल न स्वीकारण्याचं ईमेल सेवादात्या कंपनीचं धोरण वैध की अवैध, यावर या कायद्याचा परिणाम होत नाही, असं त्यातच लिहिलंय. ई-360 या जाहिरात कंपनीने नेमका हाच दावा करून कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीला कोर्टात खेचलं होतं. 2008 मध्ये इलिनॉयच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला. आधार होता 1996 च्या कम्युनिकेशन्स डीसेन्सी कायद्याचं कलम 230: आक्षेपार्ह वाटलेला मजकूर सद्भावनेने अडवला, तर सेवादाता उत्तरदायी ठरत नाही.

“अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं काय?” अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कंपनीला नाही. एओएल या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांवर मेलचा मारा करणाऱ्या सायबर प्रमोशन्स या जाहिरात कंपनीला 1996 मध्येच फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने हे सांगितलं. टेक्सास विद्यापीठ तर सरकारी, म्हणजे ही घटनादुरुस्ती त्याला बांधते. एका डेटिंग साइटने माहितीच्या कायद्याखाली तिथले ईमेल पत्ते रीतसर मिळवले आणि जाहिराती धाडल्या. विद्यापीठाने त्या अडवल्या, आणि 2005 मध्ये अपील न्यायालयाने विद्यापीठाचीच बाजू घेतली.

टपालाचा दाखला तर उलटाच पडतो. तिकिटाचे पैसे पाठवणारा भरतो. ईमेलच्या लोंढ्यासाठी सर्व्हर आणि माणसं लागतात ती घेणाऱ्याच्या कंपनीची. शिवाय घरमालकाला नको असलेल्या काही जाहिराती थांबवायला लावणारा टपाल कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये उचलून धरला होता.

म्हणजे कंपन्यांना रान मोकळं आहे का? नाही, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते इथेच. ‘सद्भावनेने’ हा शब्द कायद्यात उगाच नाही. आणि कंपनीचं खरं देणं मेलबॉक्सच्या मालकाशी आहे. व्हेरायझन या इंटरनेट कंपनीने स्पॅम रोखताना युरोपातून येणारी चांगली पत्रंही अडवली, तेव्हा तिच्याच ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि 2006 मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. तिथे उभे राहिले ते पत्र न मिळालेले लोक, पत्रं पाठवणारे नव्हेत.

म्हणून पत्रक हरवलं की वकील शोधू नका. सभासदांना फोन करून सांगा: स्पॅममध्ये बघा, ‘हे स्पॅम नाही’ दाबा, तरीही येत नसेल तर तुमच्या ईमेल कंपनीकडे तक्रार करा. आणि ज्यांनी कधी नाव दिलंच नव्हतं, त्यांचे पत्ते यादीतून आजच काढा.