मुलं महिनाभर भारतात नेली तर शाळेचं काही जात नाही? जातं!

परवा वहिनीचा फोन आला. तिकिटं काढली, ५ डिसेंबरला निघतोय, २० जानेवारीनंतर परत. नाताळची सुट्टी सोडली तरी शाळेचे जवळजवळ वीस दिवस बुडतात. मी विचारलं, शाळेचं काय? तर म्हणाली, "अगं, शाळेचं काही नुकसान नाही. पैसे ऑक्टोबरच्या पटावर मिळतात. ग्रुपवर सगळं आलंय." आणि तो मेसेज तिने मला पाठवला.

डॅलसच्या आसपासच्या आपल्या मराठी ग्रुपांवर तो महिनाभर फिरतोय. त्यातले दावे असे: टेक्सासमध्ये शाळांचे पैसे ऑक्टोबरच्या पटावर ठरतात, नंतर मुलं आली काय न आली काय. घरांच्या किमती वाढल्या म्हणजे शाळांकडे बक्कळ पैसा आला. तसंही शाळा लॉटरीवर चालतात. आपला टॅक्स 'रॉबिन हूड'मध्ये दुसरीकडे जातो. उरलेलं बेकायदा आलेल्यांच्या आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांवर उधळतात. म्हणून शाळेच्या टॅक्सचं मतदान आलं की सरळ 'नाही'वर खूण करा.

पहिला दावा सगळ्यात खोटा आहे आणि आपल्या लोकांना तोच सगळ्यात सोयीचा वाटतो, म्हणून त्याचंच आधी बोलते.

मी दोन वर्षं एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात हजेरीचं काम केलंय. रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक वर्गाची हजेरी यायची आणि जे मूल आलं नाही त्याच्या घरी फोन लावायचा. पुष्कळ पालकांना तो फोन म्हणजे शाळेची कटकट वाटायची. तो फोन पैशांचाही होता. टेक्सास एज्युकेशन कोडचं कलम ४८.००५ उघडून बघा. पैसे मोजायचे ते रोजच्या सरासरी हजेरीवर: वर्षातल्या एकेका दिवसाच्या हजेरीची बेरीज, भागिले शाळेचे दिवस. पटावर नव्हे. बरीच राज्यं पट धरतात, टेक्सास धरत नाही. कुणाला वाद घालायचा असेल तर त्याने आधी ते कलम वाचावं.

ऑक्टोबरची गोष्ट हवेतून आलेली नाही, हे खरं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी राज्य सगळ्या शाळांचा पट नोंदवून घेतं. किती मुलं, कुठल्या इयत्तेत, त्याची ती नोंद. डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, मूळ रक्कम त्यावर ठरत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धं कुठेतरी ऐकलं आणि उरलेलं पदरचं घातलं.

आता हिशोब. २०१९ मध्ये दर मुलामागची मूळ रक्कम ६,१६० डॉलर ठरली. त्यानंतर एवढी महागाई झाली, पण तो आकडा २०२५ पर्यंत तसाच राहिला. २०२५ मध्ये शिक्षकांच्या पगारासाठी वेगळे पैसे दिले हे मान्य, पण मूळ रकमेत वाढले फक्त ५५ डॉलर. म्हणजे ६,२१५. शाळेचे दिवस साधारण १७५ धरले तर एका मुलाचे दिवसाला ३५ डॉलर होतात. दोन मुलं, वीस दिवस: १,४०० डॉलर. मुलाला खास शिक्षणाची किंवा दुसरी मदत मिळत असेल तर आणखी. आणि त्या वीस दिवसांत शाळेचा खर्च किती कमी होतो? एक पैसाही नाही. बाईंचा पगार तोच, बस तीच, विजेचं बिल तेच. मी कामाला होते तेव्हा जानेवारीच्या सुरुवातीला काही वर्गांत पाच-पाच बाकं रिकामी असायची, आणि त्यातली बहुतेक मुलं आपली असायची.

भारतात जाऊ नका असं मी म्हणत नाही. आजी-आजोबा थकलेत, त्यांना नातवंडं बघायची असतात, मीही मुलांना नेलंय. पण प्रवासाची चिठ्ठी दिली की शाळेचे पैसे वाचतात हा समज काढून टाका. त्या चिठ्ठीने गैरहजेरी माफ होईल, हजेरी लागत नाही.

दुसरा मुद्दा घरांच्या किमतींचा. दादाही हेच म्हणतो: "माझं अप्रेझल, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत, एवढं वाढलं, मग शाळेला कमी कसं पडतं?" राग समजतो, पण हिशोब उलटा आहे. डिस्ट्रिक्टला किती मिळायला हवं हे राज्याचं सूत्र आधी ठरवतं. त्यातून स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सचा हिस्सा वजा होतो आणि उरलेलं राज्य देतं. घरं महागली की स्थानिक हिस्सा वाढतो, तेवढाच राज्याचा घटतो, आणि मुलांच्या वाट्याला येतात जवळजवळ तेवढेच पैसे. शिवाय २०१९ च्या कायद्याप्रमाणे किमती फार चढल्या तर टॅक्सचा दरही खाली आणावा लागतो. सुटतं ते राज्याच्या तिजोरीचं ओझं. डॅलसजवळच्या प्लॅनोकडे बघा. घरं किती महाग आहेत ते आपल्याला माहीत आहे, आणि त्याच डिस्ट्रिक्टने जून २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं. मुलं कमी झाली होती. सूत्र मुलं मोजतं, बंगले मोजत नाही.

लॉटरीवर फार वेळ घालवत नाही. तिच्यातून शाळांना वर्षाला साधारण दोन अब्ज डॉलर मिळतात. राज्यात ५५ लाखांच्या आसपास मुलं आहेत. भागाकार करा: मुलामागे दिवसाला दोन डॉलर.

'रॉबिन हूड'बद्दल मात्र मला थोडं मान्य करावंच लागेल. १९९३ च्या कायद्यापासून श्रीमंत डिस्ट्रिक्टांकडून जादा टॅक्स राज्य काढून घेतं. प्लॅनो देतं, ऑस्टिन तर प्रचंड देतं. आणि तो पैसा गरीब शाळांना वरचा म्हणून मिळतो असंही नाही. तो राज्याच्या हिशोबात जमा होतो आणि राज्य स्वतःचे तेवढे कमी घालतं. हे मलाही पटत नाही. पण इमारतींच्या बाँडसाठी, म्हणजे त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जासाठी, दिलेल्या टॅक्सला ती वसुली लागत नाही, हे मेसेजमध्ये नाही. ती मुळात का आली, हेही नाही. १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एजवुड या गरीब डिस्ट्रिक्टच्या खटल्यात एकमताने निकाल दिला. त्यात आकडे आहेत: एजवुडमध्ये दर मुलामागे मालमत्ता ३८,८५४ डॉलरची, अलामो हाइट्समध्ये ५,७०,१०९ डॉलरची. दोन्ही एकाच काउंटीत. जवळजवळ पंधरापट फरक. मूल रस्त्याच्या कुठल्या बाजूला जन्मलं यावर त्याची शाळा ठरत होती.

शेवटचा दावा वाचून मला खरंच चीड आली. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळा नाकारता येत नाही, हे १९८२ मध्येच ठरलंय, आणि तो खटला टेक्सासचाच होता. सूत्रात व्हिसाचा रकाना नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलासाठी मूळ रकमेच्या दहा टक्के जादा धरतात, आणि त्यात आपलीही मुलं येतात. भाच्याला शाळेत घातलं तेव्हा दादाने फॉर्मवर घरची भाषा 'मराठी' लिहिली. त्याची चाचणी झाली आणि दोन वर्षं त्याला इंग्रजीची वेगळी मदत मिळाली. तेव्हा वहिनी त्या बाईंचं कौतुक करताना थकत नव्हती. 'उधळतात' म्हणतात ते हेच पैसे.

मतदानाबद्दल एवढंच: मूळ रक्कम राजधानीत, ऑस्टिनमध्ये, आमदार ठरवतात. डिस्ट्रिक्टला ठरलेल्या मर्यादेपलीकडे दर न्यायचा असेल तर तुम्हालाच विचारावं लागतं. 'नाही' म्हणा, पण प्रस्ताव वाचून म्हणा.

हे सगळं मी वहिनीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे दिवाळीला एक दिवस घरी ठेवते, त्याचेही पैसे जातात?" नाही जात. धार्मिक सणासाठीची रजा शाळेने मान्य केली की कायद्याने तो दिवस हजेरीतच धरतात. फक्त चिठ्ठीत 'दिवाळी' असं स्पष्ट लिहा. 'घरगुती कारण' लिहिलेल्या चिठ्ठ्या मी ढिगाने पाहिल्या आहेत, आणि त्या प्रत्येक मुलापुढे मला गैरहजरच लिहावं लागलं.