कानाचे मशीन आणि न मागितलेली व्हीलचेअर

विमानाच्या तिकिटात ऐकू कमी येत असल्याची नोंद केली, की विमानतळावर हमखास व्हीलचेअर समोर येते. माझे पाय ठणठणीत आहेत. नांदेडहून लेकीकडे बंगळूरला जाताना माझी बॅग मीच उचलतो. मला हवा असतो तो गेट बदलले किंवा उड्डाण लांबले, तर समोर येऊन सांगणारा एक माणूस. व्हीलचेअर घेऊन आलेल्या पोराचा यात दोष नाही, त्याला वरून तेवढेच कळवलेले असते. मात्र आरक्षणात कर्णबधिर प्रवाशासाठी ‘डीईएएफ’ हा स्वतंत्र संकेत आणि व्हीलचेअरसाठी वेगळे संकेत उपलब्ध असताना ही सरमिसळ होते, याला आळसाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

दुसरीकडे, कानात मशीन दिसले की या माणसाला सगळे ऐकू येते, असेही गृहीत धरले जाते. चष्मा लावल्यावर अक्षर जसे स्पष्ट होते, तसे मशीनच्या बाबतीत होत नाही. आतल्या कानातील पेशी झिजल्या असतील, तर मशीन आवाज वाढवून देते, पण गोंगाटातून शब्द सुटा करून देणे त्याला फारसे जमत नाही. उडत्या विमानात साधारण 80 ते 85 डेसिबलची घरघर चालू असते आणि त्यात स्पीकरवरून भरभर केलेली घोषणा, बोलणाऱ्याचे ओठ दिसत नसल्यामुळे, माझ्यापर्यंत नुसत्या गुणगुणीच्या रूपात पोहोचते. शेजारच्याने पट्टा बांधला की मी बांधतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दोन्ही कानांची श्रवणहानी 60 डेसिबल किंवा त्याहून अधिक असेल, तरच ती दिव्यांगत्वात मोजली जाते. वयोमानाने ऐकणे कमी झालेले असंख्य लोक या रेषेच्या अलीकडे राहतात. त्यांना दिव्यांगत्वाचे कार्ड मिळत नाही, पण घोषणा त्यांनाही कळत नाही. त्यामुळे सोय कार्ड पाहून देण्याऐवजी सरसकट असावी, असे माझे मत आहे.

सुरक्षा तपासणीचा प्रकार तर विचित्रच म्हणावा लागेल. एका विमानतळावर मला मशीन काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितले गेले आणि ते काढल्यानंतर पुढचे प्रश्न विचारण्यात आले! मी ट्रेकडे बोट दाखवले, मागच्या रांगेत हशा पिकला, तपासणी करणारे गृहस्थ मात्र अधिकच मोठ्याने बोलू लागले. वास्तविक धातुशोधक चौकटीतून मशीन कानात ठेवून जाता येते, त्याने ते बिघडत नाही. उड्डाणातही ते बंद करावे लागत नाही. विमान नियम, 1937 मधील नियम 29-ब मध्ये श्रवणयंत्राला स्पष्ट सूट दिलेली होती. सेलचे नवे पाकीट मात्र हातातल्या बॅगेतच ठेवावे, कारण मोठी बॅग विमानाच्या पोटात गेल्यावर वाटेत सेल संपला, तर उतरेपर्यंत काही करता येत नाही. शिवाय झिंक-एअर सेलवरचा रंगीत कागद एकदा काढला, की हवा लागून तो सुरू होतो आणि कागद परत चिकटवल्याने थांबत नाही, त्यामुळे आधीच उघडून ठेवण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे मुंबईच्या अवाढव्य विमानतळावर मी अधिक निर्धास्त असतो. तिथे बोर्डिंगच्या घोषणा सरसकट होत नाहीत, सगळ्यांनाच पडद्याकडे पाहावे लागते, त्यामुळे तिथे मी इतरांच्या बरोबरीचा प्रवासी ठरतो. छोट्या विमानतळावर बदल तोंडी सांगण्याची सवय असते आणि नेमकी तीच आम्हाला नडते.

चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि नांदेड येथील विमानतळांवर यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. गेटवर एक पांढरा फलक आणि मार्कर ठेवावा, प्रत्येक घोषणा त्यावर लिहावी, आणि ‘डीईएएफ’ नोंद असलेल्या प्रवाशाचा आसन क्रमांक गेटवरच्या कर्मचाऱ्याच्या हातात असावा. आपल्या बाजूने आपणही तिकीट काढतानाच ही नोंद करून घ्यावी आणि मशीन केसांआड किंवा टोपीखाली लपवू नये. व्हीलचेअर आलीच, तर ती ज्याला खरोखर लागते त्याच्याकडे पाठवावी. रांगेत गुडघे धरून उभ्या असलेल्या आजी बहुतेक वेळा दिसतातच.