ब्रेन डेड माणूस परत येतो म्हणे!

सध्या गटागटांतून एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ब्रेन डेड, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेला आणि फक्त यंत्रावर श्वास चालणारा माणूस जिवंत करता येतो, भारतात तसा प्रयोग सुरू झाला होता, पण अवयवांच्या धंद्यापायी तो दाबला, डुकरांचे मेंदू तर शास्त्रज्ञांनी जिवंत केलेच, आणि मेलेल्या माणसावरच प्रयोग करायचा तर बिघडलं कुठे?

आधी ‘दाबला’चं बघू. 2016 मध्ये बायोक्वार्क ही अमेरिकी कंपनी आणि रिव्हाइटा लाइफ सायन्सेस ही भारतीय कंपनी यांनी ‘रीॲनिमा’ प्रकल्प जाहीर केला. उत्तराखंडात रुद्रपूरला 20 ब्रेन डेड रुग्णांना मूळपेशी, पेप्टाइडं (प्रथिनांचे छोटे तुकडे), लेसर आणि हाताच्या नसेला विजेची उत्तेजना, असं सगळं द्यायचं होतं. तुलनेला दुसरा गट नाही. मग काही हललंच, तर ते कशामुळे हललं हे कळणार कसं? अशा चाचण्यांना परवानगी देणाऱ्या औषध महानियंत्रकांची परवानगीही घेतलेली नव्हती, म्हणून त्याच नोव्हेंबरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) हा प्रयोग चाचण्यांच्या नोंदवहीतून काढून टाकला. अवयवांचा यात संबंध कुठून आला, ते मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

डुकरांची गोष्ट खरी आहे, पण अर्धी सांगितलीय. 2019 मध्ये येल विद्यापीठात नेनाद सेस्तान यांच्या चमूने कत्तलखान्यातून आणलेल्या 32 डुकरांच्या मेंदूंत, मृत्यूनंतर चार तासांनी, खास द्रव खेळवला. सहा तास पेशींचं काही कामकाज चालू राहिलं. जाणिवेशी जोडता येईल असा एकसंध विद्युत व्यवहार मात्र दिसला नाही. शिवाय मेंदूच्या पेशींचे विद्युत संदेश दाबून ठेवणारं औषध त्या द्रवात मुद्दाम घातलेलं होतं, आणि जाणिवेची खूण दिसलीच तर लगेच थांबवायला भूल तयार होती. डुकराच्या मेंदूबाबत एवढी धास्ती बाळगली जाते, आणि माणसाच्या बाबतीत म्हणे बिघडलं कुठे!

‘अवयवांसाठी डॉक्टर घाईने मृत ठरवतात’ ही त्याच मजकुराची शेपूट. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टर लागतात, प्रत्यारोपण करणारे त्यांत चालत नाहीत, आणि तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. डोळ्यांत उजेड टाकतात, बुबुळाला कापसाचं टोक लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात. शेवटी ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात आणि छातीकडे बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढूनही छाती हलत नाही, तेव्हा सही होते. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात चार दशकांहून अधिक काळ स्वतः श्वास घेत होत्या. त्या ब्रेन डेड नव्हत्या, तरी त्यांचं उदाहरण इथे हमखास येतं.

आता ‘मेलेल्यावरच तर’. हा माणूस मृत आहे असं म्हणून रुग्णाचे हक्क बाजूला ठेवायचे, आणि तो परत येईल असं म्हणून नातेवाइकांची सही घ्यायची, हे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येत नाही. परत येण्याची शक्यता धरली, तर तो रुग्ण आहे आणि त्याला रुग्णाचं सगळं संरक्षण हवं. मला भीती प्रयोग फसण्याची नाही, अर्धवट जमण्याची आहे. समजा, मस्तिष्कस्तंभात, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागात, थोडी धुगधुगी आली. श्वास अडखळत सुरू झाला, शुद्ध नाही. किंवा वेदना कळते, पण सांगता येत नाही. थांबायचं कधी, हे कोण ठरवणार? वर्षानुवर्षांचा खर्च कुणाचा? कंपनी तर चाचणी संपली म्हणून निघून जाईल.

आणि संमती कुणाची घेणार? कालपर्यंत धडधाकट असलेल्या मुलाच्या आईची, आयसीयूच्या दाराशी. तिला ‘संशोधन’ म्हणून सांगा, तिला ऐकू येणार ‘उपचार’. ‘निदान आशा तरी मिळेल’ असं मजकुरात लिहिलंय. अवयवदानाबद्दल विचारलं जातं तेही याच तासांत, आणि व्हेंटिलेटर असूनही बहुतेकांचं हृदय काही दिवसांतच थांबतं. या आशेवर थांबलं, तर तोवर दान करता आलं असतं ते मूत्रपिंड आणि यकृतही गेलेलं असतं.