खोडाचा घेर बघून झाडाचं वय कसं ठरवणार?
तुमच्या लेखात म्हटलंय की उत्तर अमेरिकेच्या जंगलात मूळ, कधी न तोडलेल्या रानाचे उरलेले तुकडे शोधायचे तर सगळ्यात जाड खोडं बघा, हे काही पटलं नाही. कॅनडात नायगारा एस्कार्पमेंटच्या कड्यांवर सीडरची वेडीवाकडी, किरकोळ दिसणारी झाडं आहेत, त्यातली काही १००० वर्षांहून जुनी निघालीत! आणि इथे गोव्यात रस्त्याकडेचा रेन ट्री दोघांच्या कवेत मावत नाही, पण तो बाहेरून आणून लावलेला, भराभर वाढणारा, घेर बघून माणूस फसतोच.

त्यापेक्षा जमीन बघा ना. कुजत पडलेले ओंडके, त्यांच्यावरच उगवलेली रोपं, झाड उन्मळलं तिथला खड्डा नि बाजूचा उंचवटा, लहानमोठी सगळ्या वयाची झाडं एकत्र, हे एकदा तोडून परत वाढलेल्या रानात इतक्यात येत नाही. आमच्या सत्तरी तालुक्यात बांबर गावी निरंकाराची राय, म्हणजे देवराई आहे, रानटी जायफळाची दलदल, मुळं चिखलातून वर आलेली, देवाच्या नावावर राखली म्हणून टिकली, तिथे टेप घेऊन खोडं मोजत बसलात तर काय कळणार? बाकी तिकडच्या हेमलॉक नावाच्या सूचिपर्णी झाडांवरच्या किडीचं लिहिलंत ते बरं केलं. फोटो अजून टाका, फक्त खोडाला मिठी मारलेले नकोत.